एकनळीव्रत

ज्या पिस्तुलाची नळी हवी तेव्हा बदलता येते, त्याची नळी कधीही बदललेली नसावी, हा न्यू हॅम्पशायरमधल्या त्या गावच्या एकबारी पिस्तूल संग्राहक मंडळाचा पहिला नियम होता. या नियमावर हसू नये, हा दुसरा. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण कसोशीने पाळला जाई.

एलवुड थिबोडो दरवर्षी मंडळाच्या प्रदर्शनात दारापाशी बसून येणाऱ्यांच्या मनगटावर शिक्के मारी. आत काचेच्या कपाटात इतरांची पिस्तुलं मखमलीवर लोळत असत. आपलंही एखादं तिथे असावं, एवढीच त्याची इच्छा होती. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला ती फार मोठी वाटत नव्हती.

यंदा त्याने धीर करून आपलं निकेलचा मुलामा दिलेलं पिस्तूल तपासणी समितीपुढे ठेवलं. बायको ओडेट समितीसाठी घरचे डोनट घेऊन सोबत आली होती. अध्यक्ष थर्स्टन पिकरिंग यांनी विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात आयुष्य काढलेलं असल्यामुळे निवृत्तीनंतर ही जबाबदारी त्यांच्याकडे आपसूक चालत आली होती. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि भिंग डोळ्याला लावलं.

मुलामा पाहून समितीचा जीव हरखला. कारखान्याने तो मुळातच घाईघाईत दिलेला असल्यामुळे चापाच्या मागे तो फिका असणं ही अस्सलपणाची खूण होती. मुलामा चांगला दिसला की माल नकली. गेल्या वर्षी एका सभ्य गृहस्थाचं लखलखीत पिस्तूल या कारणाने नापास झालं होतं. त्याने घरी जाऊन त्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि यंदा त्याला दुसरं बक्षीस मिळालं. एलवुडच्या पिस्तुलाचा सांगाडा, म्हणजे नळी सोडून उरलेला भाग, मात्र जन्मजात फिका होता. इतका अव्वल दर्जाचा वाईट मुलामा आपण कधी पाहिला नाही, असं पिकरिंग म्हणाले. एलवुड लाजला.

मग भिंग खिळीवर आलं. सांगाड्याला नळी धरून ठेवते ती खीळ. तिच्या कडेला केसाएवढा ओरखडा होता.

"ही काढलेली आहे," पिकरिंग म्हणाले.

"असंख्य वेळा," एलवुड अभिमानाने म्हणाला, आणि टॉवेलात गुंडाळून आणलेल्या बाकीच्या नळ्या त्याने टेबलावर ओळीने मांडल्या. सशाच्या शिकारीची, हरणाच्या शिकारीची, लांबच्या निशाण्याची. एका सभासदाने खुर्ची मागे सरकवली. दुसऱ्याने डोनट परत बशीत ठेवला.

एकनळीव्रती सांगाडा पहिल्या वर्गात जातो. बदलल्या नळीचा 'इतर' वर्गात, म्हणजे टेबलाखाली. पण पिकरिंग दयाळू होते. या नळ्या एका दुसऱ्या पिस्तुलाच्या असून ते होडी उलटून तळ्यात बुडालं, एवढं एलवुडने लिहून द्यायचं. त्या ओरखड्याचं समिती बघून घेईल. अडचणीतले सगळे सभासद असंच लिहून देत. मंडळाच्या दप्तराप्रमाणे आता त्या तळ्यात माशांपेक्षा पिस्तुलं जास्त होती.

एलवुडने पेन उचललं. काचेचं कपाट त्याला समोर दिसत होतं. टेबलावरच्या नळ्यांतली सर्वांत लांब नळी मात्र ओडेटची होती. पहिला नवरा आर्मां याच्याशी तिची फारकत झाली तेव्हा वाटणीत सांगाडा त्याच्याकडे गेला आणि नळी हिच्याकडे आली. तेवढी नुसती नळी घेऊन ओडेट निशाण्याच्या मैदानावर आली होती, कोणी बसवून देईल का विचारत. एलवुडच्या सांगाड्यात ती ठासल्याशिवाय, घासल्याशिवाय चपखल बसली. त्यांची ओळख झाली ती अशी. हे सगळं तळ्यात टाकायचं म्हणजे फारच झालं, असं त्याला वाटलं. तरी पेन काही त्याच्याने खाली ठेववेना.

ओडेट इतका वेळ बशा फिरवत होती. ती थांबली.

"पिकरिंगसाहेब, एक विचारू? एलवुडच्या आधी मी आर्मांबरोबर चांगला संसार केलाय. मी कुठल्या वर्गात?"

पिकरिंगांनी भिंग पुसलं. "ओडेट, हे नियम फक्त पोलादाला लागू आहेत."

"मग ठीक. नाहीतर मलाही तळ्यात बुडवल्याचं याला लिहून द्यावं लागलं असतं."

एलवुडला हसू फुटलं, आणि ते आवरेना. त्याने पेन ठेवलं, नळ्या टॉवेलात गुंडाळल्या आणि उरलेले डोनटही उचलले. शनिवारी दोघं मैदानावर होती. ओडेटने लांब नळीने निशाण्यासाठी उभे केलेले लोखंडी मेंढे एकामागून एक आडवे केले, आणि एलवुड दर वेळी टोपी उडवत होता. प्रदर्शनात तो यंदाही दारातच बसला, पण शिक्के जरा जास्तच जोरात मारत होता.

आपण हे वाचून पिकरिंगांना मनसोक्त हसला असाल. छान. आता मुलासाठी आलेलं ते स्थळ पुन्हा हातात घ्या. मुलगी शिकलेली, हसरी, नोकरी उत्तम, आणि चिरंजीव दोनदा भेटून खूश होऊन आलेले. फोटो तुम्हालाही आवडला होता. मग खाली 'घटस्फोटित' वाचल्यावर तुम्ही चष्मा का पुसलात?