दाराजवळची नऊ टेबलं

कनिशायच्या आराखड्यात कर्मचाऱ्यांची नऊच्या नऊ टेबलं दाराला चिकटली होती आणि खिडकीकडची अर्धी खोली मोकळी पडली होती. नारिनच्या बियाणे तपासणी कार्यालयाला आग लागली असावी आणि सगळे एकदम बाहेर धावले असावेत, असं ते चित्र दिसत होतं.

चूक आकडेमोडीत नव्हती. खोली बघून माणसं बसवायची नाहीत, माणसं बघून खोली आखायची, असं ती बिश्केकला शिकली होती. कार्यालयाची मांडणी आखून देण्याचं तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. म्हणून प्रत्येकाला एकेकटं गाठून तिने विचारलं होतं, "तुम्हाला कुठं बसायला आवडेल?"

"मला काय गं, दाराजवळ चालेल," बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, म्हणाल्या. वयाने त्या सगळ्यांत मोठ्या, गुडघ्यांनी हैराण, अंगावर दोन शाली.

"मलाही दारातच टाका," तरणाताठा मेदेर म्हणाला. उरलेल्या सातांचंही तेच.

तोर, म्हणजे किर्गिझ रीतीत दारापासून सर्वांत लांबची मानाची जागा, आपल्या तोंडाने कोण मागतं? कनिशायला हे लहानपणापासून ठाऊक होतं. नेमकं प्रश्न विचारतानाच ती ते विसरली होती.

संचालक तोक्तोसुन बायकेंनी, म्हणजे तोक्तोसुनदादांनी, आराखडा उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "पोरी, हे ऑफिस आहे की बसथांबा? सोमवारपर्यंत धड काहीतरी कर. नाहीतर माझा मेहुणा टेबलं विकतोच, तो देईल मांडून."

कनिशायने प्रश्न बदलला. "तुमच्या शेजाऱ्याला कुठं बसवू?"

मग काय, धरणच फुटलं!

"एजेंना हीटरपाशी बसव. त्यांचे गुडघे वाजलेले इथवर ऐकू येतात."

"मेदेरला खिडकी देऊ नकोस बाई, रस्त्यावरचं सगळं समालोचन आम्हाला ऐकवतो."

"आणि माझ्या पलीकडच्या त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेव. गप्पांना बसले की बशीतलं बी उगवून वाळूनही जातं!"

स्वतःबद्दल मिठाची गुळणी धरणारी माणसं दुसऱ्याबद्दल भरभरून, आणि खरं, बोलत होती. संचालकांच्या दहाव्या टेबलाबाबत तर सगळ्यांचं एकमत होतं.

"बायकेंना तोरला! त्यांचा मानच आहे तो."

"अगदी टोकाला, कपाटाच्या पलीकडे," मेदेरने भर घातली. "आणि कपाट चांगलं उंच असू दे."

सोमवारी टेबलं मांडली गेली. एजेंनी एक शाल चक्क काढून ठेवली. बायके आत आले तसे सगळे उठून उभे राहिले. "या बायके, तोरला बसा!"

बायकेंनी ती जागा पाहिली. त्यांनी छातीवर हात ठेवला. "हे कुणी सुचवलं?"

"सगळ्यांनी," कनिशाय श्वास रोखून म्हणाली.

"मग मंजूर! हे काम तुझंच." तिने श्वास सोडला, तोवर बायकेंनी खुर्ची उचलली होती. "एवढा एकच बदल. तुम्ही इतका मान दिलात, तर मलाही रीत पाळायला हवी. ऑफिस माझं, म्हणजे यजमान मी. यजमान कधी तोरला बसतो का? एजे, तिथं तुम्ही बसा." खुर्ची त्यांनी थेट दाराशी नेऊन ठेवली. "मी इथं. येणाऱ्या प्रत्येकाचं रोज स्वागत करीन."

नऊ जणांनी कनिशायकडे बघितलं.

"बायके, तिथं वारा लागेल हो तुम्हाला," मेदेर कळवळून म्हणाला. तो रोज तासभर उशिरा यायचा, आणि त्याच्या आवाजातली कळकळ अगदी खरी होती.