टाळ वाजवणारा पैलवान

आमच्या शेजारी शंकरअण्णांकडे कुणी गेलं की आधी दारातला पत्र्याचा माणूस नमस्कार करतो, मग अण्णा. नवखा माणूस चपला काढता काढता थबकतो. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले लोक थबकत नाही, कारण इतक्या वर्षांच्या शेजारानं आमच्यातली दचकण्याची ताकदच संपवली आहे.

"बघा पावणं, ह्यो दमतोय का? तुमच्यागत तोंड वाकडं करून नमस्कार करतोय का?" अण्णा मला विचारतात. मी मूळचा सांगलीकडचा. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, तरी त्यांच्या लेखी मी पावणाच.

अण्णा उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर होते. लोखंड कातायच्या लेथवर हात बसलेला. निवृत्त झाले तशी त्यांना कुठून तरी रोबोटची बाधा झाली. बाहेर लोक रोबोट म्हणजे परदेशातलं काहीतरी समजत, आणि आमच्या गल्लीत ते भंगारातून तयार होत. झोपाळ्याला झोका देणारा झाला. मग तांबडा रस्सा ढवळणारा झाला. त्यानं पहिल्याच दिवशी इतक्या जोरात ढवळलं की स्वयंपाकघराची भिंत आजही तांबडी आहे. "माणूस चुकतंय, मशीन न्हाई चुकत," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशीही ते म्हणालेच, फक्त भिंत पुसता पुसता.

त्यांचं खरं दुखणं मात्र वेगळं होतं. रोज दिवेलागणीला ते पेटी घेऊन भजनाला बसत. टाळ त्यांच्या बायकोच्या, शांताकाकूंच्या हातात. एक भजन, फक्त एक, टाळ मध्ये न थांबता शेवटाला जावं, एवढीच अण्णांची इच्छा होती. ती काही पुरी होत नव्हती. गवळी नेमका त्याच वेळी दूध घालून जायचा. काकू ते गॅसवर ठेवूनच टाळ धरायच्या आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांना त्याची आठवण व्हायची.

"आलोच, दूध बघून," असं कोल्हापुरी बायकांच्या पुरुषी बोलीत म्हणून, टाळ खाली ठेवून काकू आत. अण्णा पेटीवर एकच सूर धरून ताटकळत बसायचे. मग भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"अगं, देव मोठा का दूध मोठं?"

"दूध उतू गेल्यावर चहात काय देव घालू व्हय?"

मी तेव्हा नुकताच कचेरीतून येऊन आडवा पडलेला असे. आवक-जावकच्या टेबलावर दिवसभर शिक्के मारून माणसाचं जे होतं ते माझं झालेलं असे. मला देव नको असे आणि दूधही. घटकाभर शांतता मिळाली तरी पुरे होतं.

शेवटी वैतागून अण्णांनी पैलवान केला. मोडीत काढलेल्या ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, तेलाच्या डब्याचं धड आणि वर कोल्हापुरी फेटा. बटण दाबलं की दोन्ही हातांतले टाळ एकमेकांवर आपटत. कडवं संपो, श्वास संपो, पैलवान थांबायचा नाही. पहिलं अख्खं भजन पार पडलं त्या संध्याकाळी अण्णा मला हाताला धरून घेऊन गेले. काकूंनी पैलवानाला हार घातला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मी सुटलो."

पण त्यांचं सुटणं भारनियमनाच्या हातात होतं. भजन रंगात आलं की लाईट जायची आणि पैलवान हात वर करून तसाच उभा राहायचा. काकू हसत टाळ उचलायच्या. "तुमचा देव लायटीवर चालतोय व्हय?" म्हणायच्या. मग पुन्हा दुसरं कडवं, पुन्हा दूध, पुन्हा भांडण. मी उशी कानावर घेऊन कूस बदलायचो.

मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. अण्णांची पेटी बंद झाली. भिंतीपलीकडून काही येईना. हवी होती ती शांतता मला मिळाली आणि झोप मात्र येईना. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण ते कुणाला सांगायला जाण्याइतकं अंगात बळ नसायचं.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी टाळ पुन्हा वाजले. मी आडवा होतो, तसाच पडून ऐकत राहिलो. बरं वाटलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर टाळ थांबले. गेली लाईट, असं मनात म्हणून डोळे उघडले, तर डोक्यावर पंखा गरगरत होता. थोड्या वेळानं टाळ आपोआप सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच. दमलेल्या माणसाला आवाजाची सवय होते, पण थांबलेला आवाज कधी सुरू होतो याची वाट बघत पडणं काही जमत नाही. शेवटी उठलो आणि शेजारी गेलो.

दारातल्या पत्र्याच्या माणसानं नमस्कार केला. आत पैलवान हात वर करून उभा होता आणि अण्णा पेटीवर एकच सूर धरून बसले होते.

"अण्णा, मोटर जळली वाटतं. एकदा उघडून बघा."

"न्हाई जळली. मीच चाकाला खाच पाडलीया. लई दिस जमंना झालतं. कधी लौकर थांबायचं, कधी उशिरा. आता बरोब्बर त्याच जागंला थांबतंय."

"पण तुम्हाला तर न थांबणारा हवा होता."

अण्णांनी सूर सोडला नाही. भाता हलवत खालच्या आवाजात म्हणाले, "सलग म्हणून बघितलं, पावणं. समदं बरोबर आलं. पर घरात कोण हाय आसंच वाटंना. थांबलं की वाटतंय, दूध बघाय गेलीया. येतीया आता."

तेवढ्यात आतून जळका वास आला. गवळी अजून दूध घालत होता आणि अण्णा अजून ते गॅसवर ठेवूनच भजनाला बसत होते. बघायला उठणारं मात्र कुणी नव्हतं. शेगडीवर रोजच्या उतू गेलेल्या दुधाची काळी पुटं चढली होती.

मी लगबगीनं आत गेलो, गॅस बारीक केला आणि काही न ठरवता तोंडातून निघून गेलं, "आलोच, दूध बघून."

बाहेर पेटीचा सूर एकदा थरथरला. मग पैलवानाचे टाळ सुरू झाले आणि भजन शेवटाला गेलं.

हल्ली कचेरीतून आलो की मी आडवा पडत नाही. दुसऱ्या कडव्याला दूध बघायला जावं लागतं.