व्याह्यांसाठी तीन ठोके

देओदातोने बायकोला सकाळीच सांगून टाकलं होतं, की आज जेवायच्या वेळेपर्यंत लग्नाचा निकाल लागलेला असेल.

"माणूस कितीही शहरी असू दे, एकदा माझ्याबरोबर पायी रोझारिओच्या चर्चपर्यंत चढला की त्याची वाचा बसते. खाली उतरतो तो आपल्या गावचा होऊनच!"

झुल्मिराने कॉफी गाळता गाळता एवढंच विचारलं, की व्याह्यांचं पोट पाहिलंत का.

"त्यात काय! रस्ता तरी कुठे लांब आहे," असं म्हणून देओदातोने हनुवटी डोंगराकडे उचलली. "हे काय, इथेच."

आता पेद्रा आल्ता गावात सगळंच 'हे काय, इथेच' असतं. बेकरी इथेच, दवाखाना इथेच, आणि ज्या शहराला बसने जाताना निम्म्या लोकांना उलट्या होतात तेही इथेच. बोटाने कोणी दाखवत नाही, हनुवटीने दाखवतात. हनुवटी जितकी वर, तितकं ठिकाण दूर, हे गावकऱ्याला आपोआप कळतं. बाहेरचा माणूस बिचारा शब्दावर विसंबतो आणि मरतो. देओदातोची हनुवटी त्या सकाळी जवळजवळ आढ्याला टेकली होती.

प्रश्न तसा साधा होता. त्याच्या लेकीला, लेओनोरला, माथ्यावरच्या त्या जुन्या चर्चमध्ये लग्न करायचं होतं. तिची आई तिथेच नवरी म्हणून उभी राहिली होती, आजीही तिथेच. पण होणारे सासरे आनानियास पडले ब्राझिलियाचे. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट, आणि रस्त्याने कोणी पायी जाताना दिसलं तर लोक विचारतात, गाडी कुठे बंद पडली? त्यांनी एक हॉल बघून ठेवला होता, कारण हॉलपुढे गाड्या लावायला भरपूर जागा होती. लेओनोर तोंडाने काही बोलली नव्हती. पण हल्ली तिच्या हातून भातात मीठ दुप्पट पडत होतं, आणि घरातले सगळे तो भात मुकाट्याने गिळत होते.

आनानियास स्वभावाने गरीब माणूस. बायको जाऊन वर्ष झालेलं, घरात एकटेच. चकचकीत बूट घालून ते हसत हसत निघाले आणि पहिल्या वळणावर हसायचे थांबले.

चढ एकवेळ परवडला, पण दारं परवडत नाहीत. पेद्रा आल्तात कोणाच्या दारावरून कॉफी न घेता पुढे जाणं म्हणजे त्या घराशी उभा दावा मांडणं. त्यातून देओदातो पडला शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची भांडी कोरणारा. गावातल्या प्रत्येक चुलीवर त्याचं एक पातेलं होतंच. प्रत्येक खिडकीतून हाक आली आणि प्रत्येक खिडकीशी तो छाती फुगवून सांगत गेला, की हे आमचे व्याही. व्याही घाम पुसत कॉफी पीत गेले. दोना एर्मेलिंदा नावाच्या म्हातारीने तर त्यांना उंबऱ्यावर बसवून पेरूची वडी आणि चीज खायला घातलं, नको नको म्हणत असताना आणखी वाढलं, आणि मग देओदातोला बाजूला घेऊन कुजबुजली, "बाबा रे, यांचा रंग मला बरा दिसत नाही."

"शहरातला रंग तसाच असतो," देओदातोने तिला समजावलं.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दर वळणाला आनानियास थांबत, ते काही फक्त दम खायला नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या त्या उतरत्या घरांकडे ते बघत राहत. रस्त्याचे दगड अनवाणी पायांनी झिजून गुळगुळीत झाले होते, त्यावर ते वाकून हात फिरवत. एकदा म्हणाले, "हे सगळं लोकांनी डोक्यावरून वाहून आणलं असेल, नाही?" देओदातो रोज त्या दगडांवरून जायचा. त्याला कधी हे सुचलं नव्हतं. मग व्याह्यांनी विचारलं, की अजून किती, आणि तो म्हणाला, हे काय, इथेच.

माथ्यावर पोचले तेव्हा ढग त्यांच्या पायाखाली होते. ढगांमधून लाल कौलं डोकावत होती, आणि पाठीशी पांढरं चर्च, एका मनोऱ्याचं, कडेला त्याची छोटीशी दफनभूमी. आनानियासांनी ते सगळं पाहिलं, तोंड उघडलं आणि काहीच बोलले नाहीत. वाचा बसली! ती थक्क होऊन बसली की धाप लागून, या खोलात देओदातो शिरला नाही. लेकीचं लग्न इथेच ठरलं या आनंदात तो घंटा वाजवणाऱ्या झोझिमोकडे पाणी मागायला चर्चच्या मागे गेला.

झोझिमो पाणी ओततो आहे तोच घंटा झाली. एक सावकाश ठोका. मग दुसरा. मग बऱ्याच वेळाने तिसरा.

पेद्रा आल्तात मोबाइल सगळ्यांकडे आहेत, पण बातमी अजून घंटाच सांगते. बाई गेली तर दोन ठोके, पुरुष गेला तर तीन. देओदातोची टोपी आपोआप हातात आली. त्याने छातीवर क्रूस काढला. "अरेरे, पुरुष गेला. अंथरुणाला खिळलेला बेलार्मिनो असणार. सुटला बिचारा," तो म्हणाला. झोझिमोनेही मान खाली घातली. दोघांनी मिळून अर्धी प्रार्थना म्हटली, आणि मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. घंटा डोक्यावर वाजली होती, आणि वाजवणारा इथे तांब्या धरून उभा होता.

धावत जाऊन बघतात तो आनानियास मनोऱ्याच्या तळाशी फरशीवर बसलेले, दोर दोन्ही हातांत घट्ट. गुडघ्यात पेटका आला म्हणून आधाराला काहीतरी धरलं, ते म्हणाले. उठायला गेलो आणि बसलो, पुन्हा उठायला गेलो आणि पुन्हा बसलो.

"आता दुरुस्त कर," देओदातो झोझिमोला म्हणाला.

"दुरुस्त कसं करू? चुकून वाजली म्हणायला ठोकाच नाही. आणखी वाजवलं तर लोक म्हणतील मोठा पाद्री गेला." झोझिमोने दोर खुंटीला बांधून टाकला. "घंटेने सांगितलं ते सांगितलं. आता गावच बघून घेईल कोण गेलं ते."

गावाने बघून घेतलंही. बेलार्मिनोच्या घरी लोक धावले, तर तो उठून बसलेला आणि सूप मागत होता. मग पुरुष कोण? तेव्हा दोना एर्मेलिंदाने कपाळाला हात लावला. देओदातोबरोबर वर गेलेला तो राखाडी रंगाचा पाहुणा! ज्यांनी ज्यांनी कॉफी पाजली होती त्या सगळ्यांना एकदम आठवलं, की आपणही त्याच्या चेहऱ्यावर मरण पाहिलं होतं.

देओदातो व्याह्यांना धरून खाली उतरवत होता. अर्ध्या वाटेवर ढगातून पहिल्यांदा ढोल ऐकू आला, मग रोझारिओच्या बंधुमंडळाची माणसं दिसली, पांढरे झगे घातलेली, खांद्यावर मंडळाची, मयत न्यायची चार दांड्यांची फळी. मागे गावाचा बँड. पुढे झुल्मिरा आणि लेओनोर रडत, आणि त्यांच्या मागे सगळा पेद्रा आल्ता, दुकानं बंद करून, हाताचं पीठ न धुता आलेला. दोना एर्मेलिंदा सगळ्यांना सांगत होती, की शेवटची वडी मीच जबरदस्तीने खायला घातली, माझ्या हातून घात झाला.

वळणावर दोन्ही पक्ष समोरासमोर आले. बँड थांबला. मागच्या क्लॅरिनेटवाल्याला काही दिसत नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला आणि मग तोही थांबला. म्हातारी तेवढी पुढे आली आणि तिने आनानियासांच्या गालाला हात लावला.

"गरम आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

देओदातोला मान वर करवेना. लेकीचं लग्न मोडलं, हे त्याला दिसतच होतं. कोणता माणूस असल्या गावाशी सोयरीक करील, जे त्याला चालता बोलता असताना उचलून न्यायला येतं? पण खाली घातलेल्या मानेनेही त्याला लोकांचे पाय दिसत होते. कोणी चप्पल घालायलाही थांबलं नव्हतं. ज्याला कालपर्यंत कोणी ओळखत नव्हतं त्याच्यासाठी हा एवढा चढ त्यांनी धावत काढला होता. साऱ्या जन्मात देओदातोने आपलं गाव असं पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांची वाचा बसवणाऱ्याची स्वतःचीच वाचा बसली.

बोलले ते आनानियास. हळू आवाजात.

"माझी बायको गेली तेव्हा वरच्या मजल्यावर नाचगाणं चाललं होतं. ते काही वाईट लोक नव्हते. त्यांना कळलंच नाही. नंतर एकाने लिफ्टमध्ये विचारलं, वहिनी गावाला गेल्यात का?" त्यांनी रुमाल काढला. "आणि इथे मी एक कप कॉफी प्यायलो."

दुपारी देओदातोच्या अंगणात सगळं गाव जेवायला बसलं, कारण सुतकाच्या घरी द्यायचं म्हणून घरोघरी शिजवून ठेवलेलं अन्न वाया घालवायचं कोणाच्या जिवावर आलं होतं. बेलार्मिनोलाही खुर्चीत घालून आणलं. लेओनोरच्या भातात आज मीठ बरोबर पडलं होतं. जेवण झाल्यावर आनानियास उठले, आणि झुल्मिराने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"मी ठरवलं," ते म्हणाले. "मला रोझारिओ सोडून दुसरं कुठलंही ठिकाण नको."

लेओनोर रडायलाच लागली. देओदातोने मंडळींकडे असं पाहिलं, की जणू हे सगळं त्याने आधीच योजलं होतं.

"बंधुमंडळात माझं नाव घाला," आनानियास पुढे म्हणाले. "त्या चर्चच्या कडेला, जिथून ढग दिसतात, तिथे मला पुरा. मी गेलो की तीन ठोके द्या, आणि तुम्ही सगळे या."

देओदातोने चाचरत विचारलं, "आणि लग्न?"

"लग्न हॉलमध्येच हो! लग्नाला येणारी माणसं जिवंत असतात, त्यांना हा चढ झेपायचा नाही. मुली, रडू नकोस, हॉलला मी घंटा बसवून देतो." असं म्हणून त्यांनी आणखी एक पेरूची वडी घेतली. "माझं तसं नाही. मला काय, मी फळीवर झोपून जाणार. खांदा द्यायचा तो तुम्ही, व्याहीबुवा."

देओदातोने त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मग माथ्याकडे पाहिलं.

"घाबरू नका," आनानियास म्हणाले आणि त्यांनी हनुवटी अगदी वरपर्यंत उचलली. "हे काय, इथेच."