कल्ल्यांचा कायमचा बंदोबस्त

पाहणीच्या तारखेपुढे कोणताही रोग फार काळ टिकत नाही. प्रफुल्लरावांना त्या मंगळवारच्या पाहणीतून तीन लाभ व्हायचे होते: 'रोगमुक्त पिंजरा' मानचिन्ह, नॉर्वेचा अभ्यासदौरा (विषय: सॅमन माशांच्या कल्ल्यांचे आजार), आणि परदेशवारी करून आलेल्या साडूचं तोंड कायमचं बंद.

प्रफुल्लराव नाशिकच्या पेठ रस्त्यावरच्या धरणातल्या मत्स्य संस्थेचे अध्यक्ष. पाण्यात पिंजरे, पिंजऱ्यांत चिलापी मासे आणि पिंजऱ्यांच्या जाळ्यांना बोटभर शेवाळ. नियमानुसार जाळी वर काढून उन्हात वाळवायची. पण वाळत टाकलेली जाळी फोटोत वाईट दिसते. म्हणून त्यांनी गाड्या धुण्याचा पंप आणून जाळ्या पाण्यातच धुतल्या. जाळी नवरीसारखी दिसू लागली. सुटलेली घाण आत माशांच्या कल्ल्यांत गेली (तिची नोंद करण्यासाठी रकाना नव्हता).

तासाभरात मासे वर येऊन तोंडं वासू लागले.

"भाऊ, मासं दम टाकत्यात," कमळाबाई म्हणाल्या. त्यांचं भाताचं शेत याच धरणात बुडालं होतं. बदल्यात दोन पिंजऱ्यांचा वाटा मिळाला होता. त्यांचं असं म्हणावं तर तेवढंच.

"कमळाक्का, दम कसला? पाहुण्यांच्या स्वागताला वर आलेत ते."

"मंग एकेकाच्या हातात नारळ बी द्या की! पाहुण्याला सांगा, औषिद मागा."

"औषध मागितलं की रोग कागदावर येतो अक्का. कागदावर आला की जात नाही."

या शास्त्रीय उत्तराने कमळाबाईंचं समाधान झालं, असं इतिवृत्तात नमूद आहे. (त्या काय पुटपुटल्या ते नमूद नाही.)

मत्स्य विभागाची पाहणी समिती आली. मुख्य साहेब होडीतून वाकले. "वा! किती माणसाळलेत हो!" आणि त्यांनी मरणाऱ्या माशांसोबत सेल्फी घेतला. मानचिन्ह जागीच जाहीर झालं.

संध्याकाळी कमळाबाईंच्या दोन्ही पिंजऱ्यांतले मासे उलटे तरंगायला लागले. मासे तातडीने विकणं भाग होतं. पण नाशिकचं गिऱ्हाईक जाणकार, आधी अंगठ्याने कल्ला उचलून लाल आहे का बघतं. आणि कल्ले तर राखेच्या रंगाचे. तेव्हा तातडीच्या सभेत ठराव झाला: रोग फक्त कल्ल्यांत दिसत असल्याने मासा डोके वगळून विकावा. रोगाचं प्रमाण त्याच रात्री शून्य टक्क्यांवर आलं (डोकी मोजणीत धरलेली नाहीत). नॉर्वेलाही हे अजून साधलेलं नाही. प्रफुल्लराव तिकडे शिकायला जाताहेत की शिकवायला, याबद्दल संस्थेत दोन मतं आहेत.

आता कोणी काय किंमत मोजली ते पाहू. प्रफुल्लरावांनी नॉर्वेसाठी लोकरी टोपी घेतली. समितीने सही दिली. माशांनी जीव दिला, कमळाबाईंनी दुसऱ्यांदा सगळं दिलं. राहता राहिलात तुम्ही. रविवारी नाशिकमध्ये अंबडच्या नाक्यावर डोकं उडवलेला, स्वच्छ धुतलेला मासा पिशवीत घेताना तुमचा अंगठा सवयीने वर आला होता. मासेवाला म्हणाला, "साहेब, साफ करायचे पैसे नको." तुम्ही अंगठा खिशात घातलात, आणि घरी जाऊन सांगितलंत, माणूस भला आहे.