मुकं पेन आणि हरभऱ्याच्या रेघा

"आदिलाबाद जिल्ह्यात कोणाला गुन्हा करायचा असला की तो आधी विचारतो, नागनाथ मास्तर गावात आहेत का? आहेत म्हटलं की बिचारा महाराष्ट्रात जाऊन करतो."

अशी स्वतःची ओळख नागनाथ मास्तर स्वतःच करून देत, कारण दुसरं कोणी करून देत नसे. मास्तर बोथच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी मिळालेला काळा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि त्याच क्षणी आपल्यातला डिटेक्टिव्ह जागा झाला, असं ते सांगत. गॉगल चढवल्यावर त्यांना निम्मंच दिसे, हे मात्र सांगत नसत.

त्यांचा सहायक महिपत, धंद्यानं शिंपी. शाळेत मास्तरांनी त्याला इतक्या उठाबशा काढायला लावल्या होत्या की त्यांना नाही म्हणायची त्याची ताकदच संपली होती. रेडीमेड कपडे आल्यापासून त्याचं शिवणयंत्र बहुतेक गप्पच असे. घर चालायचं ते बायकोच्या, आशाबाईच्या नोकरीवर. आणि त्या दिवशी नेमकी तीच नोकरी धोक्यात आली.

आशाबाई पांडुरंगरावांच्या बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर चालवी. साल शहाण्णवचं, अख्ख्या बोथमध्ये असा डब्बा कोणाकडे नव्हता. ती इंग्रजी अक्षरांत बियाण्याचं नाव आणि पोत्याचा नंबर टाकी. आतला प्रोग्राम त्याच्या काळ्या उभ्या रेघा करी, कुठं जाड, कुठं बारीक. प्रिंटर करकर करत चिठ्ठी काढी आणि ती पोत्याला चिकटे. मग वायरच्या टोकाला असलेलं पेन त्या रेघांवरून ओढलं, की पेनाच्या टोकातला लाल दिवा रेघा वाची, 'टुक' असा आवाज होई आणि पडद्यावर नाव उमटे. नुसतं ते टुक ऐकायला नार्नूरचे शेतकरी यायचे आणि लाजेकाजेस्तव हरभरा घेऊन जायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेन मुकं झालं. हजारदा ओढा, टुक नाही की टाक नाही.

पांडुरंगराव माणूस तसा वाईट नव्हता, पण चारचौघांत हसं झालं की त्याचं डोकं फिरे. "संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्यांचा इंजिनियर जीप घेऊन येऊन राह्यला," त्यानं सांगून टाकलं. "तोवर पेन बोललं त ठीक. नाई त डब्बा वापस, आन् आशाबाई, तुमी बी घरी."

बातमी कळताच मास्तर उठले. "महिपत, हातकडी घे!"

"हातकडी नाही साहेब, मेजरटेप हाय."

"तीच घे. या केसवर पहिला हक्क माझा. काल दुकानातल्या तराजू-कुलपांसकट त्या डब्ब्याची पूजा माझ्याच हातानं झाली. माझ्या पूजेनंतर कोणी गुन्हा करतो म्हणजे काय!"

दुकानात पांडुरंगरावांची आई बयनाबाई पोत्यावर बसून वाती वळत होती. मास्तरांनी पेन उचलून गॉगलजवळ धरलं.

"दिवा चालू हाय. लाल दिसून राह्यला. म्हणजे पेन जिवंत हाय, फक्त बोलत नाही. पेनाला कोणीतरी धमकावलं!"

"मास्तर, पेनाले कोन धमकावन?" आशाबाई म्हणाली. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते.

मास्तरांनी पोत्यावरच्या रेघांकडे बोट केलं. "बघा. या रेघा जाड, या बारीक. जाड म्हणजे पाटील, बारीक म्हणजे मजूर. पाटील मजुरांवर जुलूम करून राह्यले. मजुरांनी संप केला!"

"पन परवा याच रेघा वाचल्या ना पेनानं."

"परवापर्यंत सहन केलं त्यांनी."

महिपतनं हळूच खोकून घेतलं. बायको आपल्याकडे कशी बघतेय हे त्याला मान वर न करताही कळत होतं.

संपाचा तपास आटोपल्यावर मास्तरांचा संशय समोरच्या दुकानदारावर, उद्धवराववर गेला. तो या टुकवर जळायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. "त्याचा माणूस गिऱ्हाईक बनून आला आणि मधली एक रेघ खरडून घेऊन गेला. महिपत, रेघा मोज!"

महिपतनं झग्याचं माप घ्यावं तशी चिठ्ठीवर टेप लावली. आशाबाईनं कपाळाला हात लावला आणि नवीकोरी चिठ्ठी छापून दिली. पेन फिरवलं. गप्प.

"छापता छापता चोरली!" मास्तर ओरडले. "मोठी टोळी हाय!"

जीपची वेळ जवळ येत चालली होती. मास्तर अचानक थांबले, गॉगल नाकावर सारला आणि आवाज खोल करून म्हणाले, "महिपत, दगा घरातला हाय. या पेनाला रोज हात कोण लावते? आशाबाई! यंत्र आपली नोकरी खाईल या भीतीनं त्यांनीच..."

"अवो साहेब!" महिपतचा आवाज चढला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "या यंत्रावरच तिची नोकरी हाय! ते बंद पाडून ती का उपाशी मरन? माह्या बायकोले काही बोलायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

मास्तर चाट पडले. आशाबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. मास्तर काही बोलणार तेवढ्यात करंट गेला.

पंखा फिरायचा थांबला. पडदा काळा झाला. पांडुरंगरावनं लाइनमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बयनाबाई मात्र वाती खाली ठेवून मास्तरांच्या हातातल्या पेनाकडे टक लावून बघू लागली.

"मास्तर, पंखा बंद, ट्यूब बंद, डब्बा बंद. मंग तुमच्या पेनाचा दिवा काऊन लाल?"

सगळे पेनाकडे बघू लागले. टोक लालभडक होतं.

"चोरीची वीज!" मास्तर दणाणले. "भुयारातून वायर आणली हाय! महिपत, फरशी उकर!"

"उकर तुहं डोस्कं," म्हणत बयनाबाईनं पेन हिसकावलं आणि टोकावर अंगठा घासला. अंगठा लाल झाला. तिनं तो सगळ्यांना दाखवला. "वीज नाही बापा. कुंकू हाय."

दिवा लाल, कुंकूही लाल. सकाळपासून आशाबाई टोक बघत होती आणि दिवा पेटलाय असंच धरून चालली होती. आता तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"पन हे लावलं कोनं?" पांडुरंगरावनं विचारलं.

"गुन्हेगार उजव्या हातानं काम करणारा हाय," मास्तर सुरू झाले. "धार्मिक प्रवृत्तीचा. काल दुकानात हजर होता. त्याला मानानं बोलावलं होतं..." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"तराजूच्या कपाळाले लावलं, कुलपाच्या कपाळाले लावलं," बयनाबाई म्हणाली. "आन् पेनाचं कपाळ तुमाले टोकावर सापडलं!"

"पण एवढ्याशा कुंकवानं यंत्राला काय होते?"

बयनाबाई उठली. कालचा करंडा घेऊन आली आणि मास्तरांच्या गॉगलच्या दोन्ही काचांवर कुंकवाची दोन ठसठशीत बोटं टेकवली. "आता वाचा. समोरच्या पोत्यात काय हाय?"

मास्तरांनी समोर हात फिरवून चाचपलं. "ज्वारी," ते ठामपणे म्हणाले. "दाबून भरलेली."

"मास्तर, माहं पोट हाय ते," पांडुरंगराव म्हणाला.

करंट आला आणि पाठोपाठ जीपही. महिपतनं खिशातून मऊ कापडाचा तुकडा काढून दिला. आशाबाईनं पेनाचं टोक लख्ख पुसलं, श्वास रोखला आणि हरभऱ्याच्या रेघांवरून पेन ओढलं.

टुक.

महिपतला भरून आलं. इंजिनियर चहा पिऊन रिकाम्या जीपनं परत गेला. पांडुरंगरावनं आशाबाईला उद्या वेळेवर या म्हणून बजावलं, म्हणजे त्याच्या परीनं माफीच मागितली.

मास्तरांनी गॉगल धोतराच्या सोग्याला पुसला आणि महिपतला बाजूला घेतलं. "केस सुटली. आरोपी सापडला. वयस्कर माणूस हाय, चांगल्या घरचा हाय. काय शिक्षा द्यावी म्हणतोस?"

महिपतनं आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"उठाबशा, साहेब."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं, पोत्यांच्या थप्पीमागे गेले आणि मुकाट्यानं कान धरले. पलीकडे आशाबाई दिवसभराची तुंबलेली पोती वाचायला बसली होती. तिचं पेन टुक करी आणि थप्पीमागे गॉगल एकदा खाली जाऊन वर येई.