बागेत कावळे शून्य

पक्ष्यांवर प्रेम करायचं तर पक्षी कोणाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. यॉर्कशरमधल्या हॅदरथ्वेट गावच्या उद्यानपक्षी मंडळाने ते बावीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून तिथल्या प्रेमाला कसलीही अडचण आलेली नाही.

रॉबिन, टिट, फिंच हे पक्षी. कावळे, 'जे' नावाचे त्यांचे भाऊबंद, मॅगपाय आणि त्यांचा सगळा गोतावळा हे 'इतर'. नियम सातनुसार, जानेवारीतल्या मोजणीच्या तासाभरात ज्या बागेत दोन 'इतर' एकाच वेळी दिसतील, तिच्या फाटकावरची 'पक्षीस्नेही बाग' ही पाटी काढून घेण्यात येते. (कारण ते दुसऱ्यांची अंडी खातात. सभासद न्याहारीला खातात ती अंडी वेगळी.)

नियमाचा परिणाम उत्तम झाला. मोजणीच्या दिवशी शहाण्णव टक्के सभासद उजाडताच गॅरेजमागे चीज टाकून 'इतरां'ना पोटभर जेवू घालतात, म्हणजे दहा वाजता ती मंडळी बागेत फिरकत नाहीत. (उरलेले चार टक्के सॉसेज टाकतात.) त्यामुळे गावात कावळे तिप्पट झाले आहेत आणि तक्त्यात एकही नाही.

डोरीन पिकर्सगिलच्या फाटकावर ही पाटी एकोणीस वर्षं होती. तिच्या नवऱ्याने, आर्नल्डने, वारण्याआधीच्या उन्हाळ्यात ती नव्याने रंगवली होती. यंदा कंबर धरल्यामुळे डोरीनला गॅरेजपर्यंत जाता आलं नाही, आणि नेमके यंदाच मंडळाचे चिटणीस क्लाइव्ह ऑटरबर्न साक्षीदार म्हणून तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

दहा वाजून बारा मिनिटांनी कुंपणावर मॅगपाय उतरला. काळापांढरा, लांबशेपट्या, उपाशी.

एकटा मॅगपाय दिसला की त्याची विचारपूस करायची असते, नाहीतर वर्ष वाईट जातं. डोरीन हळूच पुटपुटली, "नमस्कार, साहेब. घरी बाईसाहेब बऱ्या आहेत ना?" क्लाइव्हही बिस्किटाआडून तेच म्हणत होते.

बाईसाहेब बऱ्या होत्या. त्या येऊन शेजारी बसल्या. जोडी दिसणं फार शुभ, म्हणून दोघांनाही हायसं वाटलं. मग दोघांनाही नियम सात आठवला.

डोरीनने कप खाली ठेवला. "ऑटरबर्नसाहेब, धुकं किती पडलंय बघा."

बाहेर लख्ख ऊन होतं.

"फारच, डोरीनबाई. मला तर कुंपणच दिसत नाहीये."

"आर्नल्ड म्हणाला असता, डोळे तपासून घे."

"आमची बायको हिल्डा रोज म्हणते. आज सकाळी आमच्या गॅरेजमागे नऊ जण जेवून गेले. तेव्हाही असंच धुकं होतं."

क्लाइव्हनी तक्त्यात शून्य मांडलं आणि खाली सही केली. पाटी राहिली.

या दोघांचं तुम्हाला हसू आलं असेल, तर एक रकाना तुम्हीही भरा. तुमच्या इमारतीत एकूण माणसं किती राहतात? आत्ता जो आकडा मनात धरलात, त्यात जिन्याखालच्या खोलीतला वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुली आहेत का? रोज खाली उतरताना तुम्ही त्यांना "काय, बरं ना?" विचारता, म्हणून म्हटलं.