सुंदरामामीची वंदना आणि मेथीची जुडी

मी हडपसरला आयटी पार्कात नोकरी करते. काम पगारपत्रकांचं, पण आमच्या नात्यागोत्यात हा फरक कुणाला पटत नाही. कुणाचा टीव्ही मुका झाला, कुणाचं आधार कार्ड उघडेना, की फोन मला. आणि खोटं कशाला बोलू, मला तो मान आवडतो. त्यामुळे महिपतीमामांनी फोन पुढे करून विचारलं, "दीपमाला, हे विहारातल्या स्पीकरवर वाजेल का गं?" तेव्हा मी ऐकायच्या आधीच म्हणाले, "मामा, पाच मिनिटांचं काम आहे."

फोनमध्ये सुंदरामामीचा आवाज होता. मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. पौर्णिमेला विहारात वंदना तीच सांगायची. ती एक ओळ म्हणायची आणि मागून आम्ही सगळे. मामांनी एकदा ती सबंध वंदना फोनमध्ये भरून घेतली होती. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला वंदना तिच्याच आवाजात व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"उभा जन्म तिच्या मागून म्हणत आलोय," मामा म्हणाले. "अजून एकदा म्हणू दे."

अडचण एवढीच होती की विहारातला स्पीकर पेनड्राइव्हवरची फक्त एमपीथ्री वाजवतो आणि मामांचा फोन आवाज भरतो एम-फोर-ए मध्ये. दोघं चुलतभाऊच, पण एकमेकांच्या दारात पाऊल ठेवणार नाहीत. मी फाइलच्या नावातलं शेपूट खोडलं, तिथे एमपीथ्री लिहिलं आणि चहा टाकला.

माझा नवरा बुद्धभूषण हे बघत होता. "पाटी बदलली की दुकान बदलतं का?" त्याने विचारलं.

"तुला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. त्या संध्याकाळी विहारात जाऊन वाजवून पाहिलं. स्पीकरने 'एक फाइल' एवढं दाखवलं आणि तो गप्प बसला. बुद्धभूषणने वर विहाराच्या पाटीकडे पाहिलं, ते जास्त लागलं.

मग मात्र मी रीतसर प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि मामीला खरोखरच एमपीथ्रीत आणलं. लॅपटॉपवर लावून पाहिलं तर बुद्धभूषण स्वयंपाकघरातून हात पुसत आला आणि हात जोडून उभाच राहिला. मलाही भरून आलं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण प्रोग्रॅमने विचारलं, सगळं फोल्डर बदलू का? मामीला टायपिंगचा कंटाळा. मामांना ती बोलूनच निरोप पाठवायची; मामांच्या फोनमधून वंदना उतरवताना तेही आले होते आणि सगळे तिसऱ्याच प्रकारात पडून होते. म्हटलं, मामांना तेवढाच आनंद. सगळे निरोप बदलून पेनड्राइव्हवर टाकले, शेवटी वंदना टाकली आणि ती पहिली लागावी म्हणून तिच्या नावाआधी एक आकडा लिहिला. स्पीकर नावं बघत नाही, जे आधी भरलं ते आधी वाजवतो, आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दाखवतो, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बसायला जागा नव्हती. मामीच्या फोटोशेजारी मामा पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. बौद्धाचार्य म्हणाले, "आज वंदना सुंदराबाईच सांगतील. आपण मागून म्हणावं." सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी बटण दाबलं.

मामीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "अहो, ऐकताय ना?"

निरोपात एवढं विचारून मामी नेहमी थांबायची, समोर माणूस असल्यासारखी. त्या थांबण्यात मिटल्या डोळ्यांच्या सगळ्या बायका सवयीने म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना?"

"येताना मेथी आणा."

"येताना मेथी..." एवढ्यावर निम्म्यांचे डोळे उघडले. कुणीतरी तोंडाला पदर लावला. मी घाईने पुढचं बटण दाबलं आणि घाबरून दाबूनच धरलं. त्या स्पीकरचं असं आहे की ते बटण टिचकीने दाबलं तर पुढची फाइल लागते आणि दाबून धरलं तर आवाज वाढतो.

"जुडी हलवून घ्या!" मामी रस्त्यापर्यंत ऐकू गेली. "मागच्या वेळी निम्मी माती होती."

बुद्धभूषण दारातून वायर उपटायला धावला. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात मामांनी, डोळे न उघडता, हात वर केला. बुद्धभूषण जागीच थांबला. मीही बटण सोडलं.

"आणाल ना?" मामीने विचारलं आणि निरोप संपला.

"आणतो," मामा म्हणाले.

कुणी हसलं नाही. पदर लावलेली बाई त्याच पदराने डोळे पुसत होती. मी टिचकीने बटण दाबत गेले, एकेक निरोप सुरू होता होता तोडत गेले आणि शेवटी वंदना लागली. मामांनी प्रत्येक ओळ तिच्या मागून म्हटली. त्यांचा आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाही, त्या दिवशी आला.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. हातात मेथीची जुडी.

"मामा, चुकलंच माझं," मी म्हणाले. "क्रम नीट लावून देते. पाच मिनिटांचं..."

"तू हात लावू नकोस," मामा म्हणाले. "आधी मेथी, मग वंदना. आमच्याकडे असंच असायचं." मग जुडी माझ्या हातात देत म्हणाले, "हलवून घेतलीय बरं का."

ते गेल्यावर मी ती वर्तमानपत्रावर झटकली. निम्मी माती निघाली. बुद्धभूषणने ती पाहिली, मी पाहिली. मग त्याने कागद गुंडाळला आणि मी मेथी निवडायला बसले.